कॉइलचा शेवटचा अल्बम 'द एप ऑफ नेपल्स' : मागे राहिलेल्याने पूर्ण केलेलं काम

निळाधूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

१३ नोव्हेंबर २००४ला जॉन बॅलन्स गेला. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वेस्टन-सुपर-मेअर नावाचं गाव आहे, तिथल्या राहत्या घरात वरच्या मजल्याच्या कठड्यावरून पडून. वय ४२. कॉइल या इंग्लिश संगीत-गटाचा तो आवाज होता आणि बरेचसे शब्दही त्याचेच. गटातला दुसरा कायमचा माणूस म्हणजे पीटर क्रिस्टोफरसन, सगळे त्याला 'स्लीझी' म्हणत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दोघं बरोबर होते. आधी जोडपं म्हणून, आणि ते नातं सरल्यावरही एकमेकांना धरून, एकत्र काम करत.

बॅलन्स गेल्यावर क्रिस्टोफरसनने इंग्लंड सोडलं आणि तो बँकॉकला राहायला गेला. सोबत नेलं ते अर्धवट ध्वनिमुद्रणांचं गाठोडं. काही ताजी होती, काही दहा वर्षांपूर्वीची, काही कार्यक्रमांतून उचललेली. त्यातून २ डिसेंबर २००५ रोजी 'द एप ऑफ नेपल्स' बाहेर आला. अकरा गाणी, त्यांच्याच थ्रेशोल्ड हाउस या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडून.

ज्यांनी कॉइल हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी मागची गोष्ट.

क्रिस्टोफरसन मुळात चित्रांच्या दुनियेतला. पिंक फ्लॉइड, पीटर गॅब्रिएल यांची रेकॉर्ड-कव्हरं करणाऱ्या हिप्नोसिस या संस्थेत तो होता. १९७५ साली लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल हा चौघांचा गट उभा राहिला: जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, ख्रिस कार्टर आणि हा. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचं लेबल काढलं आणि नाव ठेवलं इंडस्ट्रिअल रेकॉर्ड्स. आज आपण ज्याला इंडस्ट्रिअल संगीत म्हणतो त्याचं बारसं तिथलं. १९८१ला तो गट मोडला. त्यानंतर सायकिक टीव्ही, आणि त्यातून बाहेर पडून कॉइल. बॅलन्स वयाने सात वर्षांनी लहान, थ्रॉबिंग ग्रिसलचा चाहता म्हणून जवळ आलेला.

मी कॉइलपर्यंत पोचलो तो 'सेव्हन' या १९९५च्या सिनेमाच्या नामावलीमुळे. ती खरखरणारी, खरवडल्यासारखी नामावली आठवतेय का? त्यामागे वाजतं ते नाइन इंच नेल्स या अमेरिकन गटाचं गाणं कॉइलने आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या डॅनी हाइडने मोडून नव्याने जुळवलेलं आहे. पुण्यात हॉस्टेलवर एकाच्या संगणकावर तो सिनेमा बघितला आणि मी नामावलीच चार वेळा मागे नेऊन ऐकली. पुढे त्या आवाजाचा माग काढत काढत 'एप ऑफ नेपल्स'ला पोचलो. म्हणजे माझी सुरुवातच शेवटच्या अल्बमपासून झाली. त्यातली माणसं हयात नाहीत की आहेत हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिलं गाणं 'फायर ऑफ द माइंड'. ऑर्गनसारखा संथ, जड नाद आणि त्यावर बॅलन्सचा आवाज. पहिल्याच ओळीत तो मृत्यूबद्दल प्रश्न विचारतो: तो एकटा येतो, की सोबत कुमक घेऊन? ही ओळ त्याच्या मरणानंतर लिहिलेली नाही. हे गाणं नव्वदच्या दशकातलं आहे. ती ओळ अल्बमच्या दारात नेऊन ठेवली ती क्रिस्टोफरसनने. हे कळलं त्या दिवशी मी ते गाणं पुन्हा ऐकलं आणि मला दोन माणसं ऐकू आली. एक प्रश्न विचारणारा, आणि दुसरा, दहा वर्षांनी तो प्रश्न उचलून पुढे ठेवणारा.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. या अल्बमला 'उरलेल्या तुकड्यांचा संग्रह' म्हणतात तेव्हा मला त्रास होतो. जी गाणी दोघांना मिळून दहा वर्षं पूर्ण करता आली नाहीत, ती एकाने, दुसरा नसताना पूर्ण केली. हे काम कसं केलं, ते ऐकताना कुठे कुठे दिसतं, यावर बोलायला हा धागा.

---

अनवट

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी या विषयावर कोणीतरी मनापासून लिहिलंय.

एक भर घालतो. ती दहा वर्षांपूर्वीची गाणी कुठली, तर न्यू ऑर्लिन्सची. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरचं नथिंग नावाचं लेबल होतं, आणि मॅगझिन स्ट्रीटवर त्याचा स्टुडिओ होता. ती इमारत पूर्वी अंत्यसंस्काराची तयारी करणाऱ्यांची होती, म्हणजे दफनाआधी जिथे देह ठेवतात ती जागा. नव्वदच्या दशकाच्या मध्यात कॉइलने तिथे 'बॅकवर्ड्स' नावाच्या अल्बमवर काम केलं. तो अल्बम तेव्हा आलाच नाही. 'फायर ऑफ द माइंड', 'हेवन्स ब्लेड', 'अँबर रेन' ही त्यातलीच. 'इट्स इन माय ब्लड'ही तिथलंच, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं.

रेझनरने कॉइलचं ऋण उघडपणे मानलेलं आहे. २०१०मध्ये त्याने बायकोबरोबर जो नवा गट काढला त्याला नाव दिलं 'हाउ टु डिस्ट्रॉय एंजल्स'. कॉइलच्या १९८४च्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डचं नाव ते.

---

माग_आणि_धोटा

लेख आवडला. मी हे संगीत ऐकणारा नाही, खरं सांगतो. पण 'इंडस्ट्रिअल' हा शब्द वाचून थांबलो, कारण मी इचलकरंजीचा. आमच्या गल्लीत दिवसरात्र माग चालायचे. धोट्याच्या खटखटीत झोप लागायची आणि वीज गेली की त्या शांततेने जाग यायची. मला वाटलं, कारखान्याच्या आवाजांचं संगीत असणार. तुम्ही दिलेलं पहिलं गाणं लावलं तर त्यात यंत्राचा आवाजच नाही! मग याला इंडस्ट्रिअल का म्हणायचं?

---

निळाधूर

@माग_आणि_धोटा, फार चांगला प्रश्न. वीज गेल्यावर जाग येणं, हे वाचून बराच वेळ तिथेच होतो मी.

थ्रॉबिंग ग्रिसलच्या लेबलचं घोषवाक्य होतं, 'औद्योगिक माणसांसाठी औद्योगिक संगीत'. यंत्रांचे आवाज त्यात होतेच, पण ते एवढ्यावर थांबत नव्हते. गाणं हा कारखान्यातून निघणारा माल आहे, मग तो गोडच का असावा, असा त्यांचा सवाल होता. रेडिओवर प्रेमगीतं चालू आणि बाहेर बेकारी, बंद पडणाऱ्या गिरण्या, टीव्हीवर खुनाच्या बातम्या. हे सगळं आवाजात यायला हवं, असं त्यांना वाटे. त्यासाठी वाद्यं शिकायची गरज त्यांनी मानली नाही. ख्रिस कार्टर स्वतः सर्किटं जोडायचा. क्रिस्टोफरसन टेपवर मुद्रित केलेली बोलणी, आवाज, तुकडे कळ दाबून वाजवायचा. आज फोनमध्ये जे सॅम्पलिंग सहज होतं, ते तो कॅसेट-यंत्रांवर करत होता.

कॉइल या घरात जन्मलं, पण तिथे राहिलं नाही. १९९८च्या 'टाइम मशीन्स'मध्ये फक्त लांबच लांब नाद आहेत, चार तुकडे, ठेका नाही की शब्द नाहीत. १९९९-२०००च्या 'म्यूझिक टु प्ले इन द डार्क'च्या दोन भागांत ते चंद्राच्या संगीताबद्दल बोलू लागले. शेवटच्या अल्बमपर्यंत यंत्रं फार मागे गेली होती. म्हणून तुम्हाला माग ऐकू आला नाही.

---

पेटीवाला

@निळाधूर, 'टॅटूड मॅन' आणि 'द लास्ट अमेथिस्ट डिसीव्हर' ऐकली. मी पेटी वाजवतो, भजनी मंडळात. मला ज्या गोष्टीने धरलं ती सांगतो.

या अल्बममध्ये हर्डी-गर्डी आहे. बघितली नसेल तर सांगतो: तारांच्या खाली एक चाक असतं, हाताने दांडा फिरवला की ते चाक तारांना सतत घासत राहतं. व्हायोलिनचा गज कधी संपूच नये तसं. काही तारांवर सूर वाजतो आणि बाकीच्या तारा एकच स्वर धरून बसतात. म्हणजे वादक सूरही तोच वाजवतोय आणि त्याच्या मागचा तंबोराही तोच आहे. क्लिफ स्टेपल्टन नावाचा वादक ते वाजवतो, आणि सोबत माइक यॉर्कचे पाइप.

आपल्या कानाला धरलेला षड्ज म्हणजे आधार. तंबोरा लागला की गवय्याला भीती उरत नाही, चुकला तरी परत यायला घर असतं. इथेही नाद धरलेला आहे, पण गाणारा घरी आल्यासारखा वाटत नाही. तो त्या नादाच्या कडेकडेने चालतो. माझ्या मनात पहिल्यांदाच आलं की धरलेला स्वर पहाऱ्यासारखाही असू शकतो.

---

सांजपक्षी

धागा छान आहे, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. रागावू नका.

२०१५मध्ये कोल्ड स्प्रिंग या लेबलने मूळ 'बॅकवर्ड्स' शेवटी प्रसिद्ध केला. तो ऐकल्यावर 'एप ऑफ नेपल्स'बद्दलचं माझं मत बदललं. मूळ रूपांमध्ये बॅलन्स जिवंत आहे. चिडलेला, विस्कटलेला, कधी कधी ओरडून गाणारा. 'एप'मध्ये तीच गाणी घेऊन त्यांच्याभोवती मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), हर्डी-गर्डी, शांतता असं सगळं रचलं आहे. ऐकायला सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण तेहतीस-चौतीस वर्षांच्या माणसाने रागाने म्हटलेली ओळ तो गेल्यावर संथ वाद्यांमध्ये ठेवली की ती शोकगीत बनते. त्याने ती तशी म्हटली होती का? तो आता 'नको' म्हणू शकत नाही. माझी अडचण तिथे आहे.

आणि एक दुरुस्ती. शेवटचा अल्बम कोणता यावर एकमत नाही. २००८मध्ये 'द न्यू बॅकवर्ड्स' आला, क्रिस्टोफरसन आणि डॅनी हाइड यांनी त्याच जुन्या मुद्रणांतून केलेला. सनावळीने बघाल तर शेवटचा तो.

---

अनवट

@सांजपक्षी, २००८बद्दल बरोबर आहात. 'द न्यू बॅकवर्ड्स' आधी 'एप'च्या व्हाइनल आवृत्तीसोबत आला होता, इम्पॉर्टंट रेकॉर्ड्सकडून. मी त्याला 'एप'ची पाठची बाजू समजतो. 'एप'मध्ये जे बसलं नाही, जे फार गजबजलेलं होतं, ते तिकडे गेलं. त्यामुळे 'एप' इतका शांत का आहे याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

---

निळाधूर

@सांजपक्षी, रागावण्यासारखं काहीच नाही. तुमचा प्रतिसाद वाचून कालची रात्र दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकण्यात गेली. सनावळीची दुरुस्ती मान्य. शीर्षक मात्र ठेवतो, कारण निरोप म्हणून रचलेला अल्बम हाच, असं मला अजूनही वाटतं.

तुमच्या मुख्य मुद्द्याबद्दल. सगळीच गाणी शोकगीतं झालेली नाहीत. 'इट्स इन माय ब्लड' ऐका. तिथला आक्रोश त्याने तसाच ठेवला आहे, कानाला बोचेल इतका. संथ करायचं, गोड करायचं असतं तर पहिला बळी तोच गेला असता. आणि या अल्बममध्ये नव्या काळातली गाणीही आहेत. 'ट्रिपल सन', 'टॅटूड मॅन' ही बॅलन्स शेवटच्या वर्षांत कार्यक्रमांतून गात होता. म्हणजे संथपणाकडे, लोकवाद्यांकडे तो स्वतःच वळला होता. स्टेपल्टन आणि यॉर्क त्याच्या हयातीतच गटात वाजवत होते. क्रिस्टोफरसनने १९९६च्या माणसाला २००४च्या माणसाच्या शेजारी बसवलं, असं मला वाटतं.

'नको म्हणू शकत नाही' याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तो प्रश्न राहणारच.

---

आजीची_गोधडी

सगळे प्रतिसाद वाचले. संगीतातलं फार कळत नाही, पण एक विचारायचं होतं. हे लोक मरणाबद्दल इतकं का गातात? की हा त्या प्रकाराचाच भाग आहे, काळे कपडे वगैरे?

---

अनवट

@आजीची_गोधडी, ताई, याला खरं आणि साधं कारण आहे. १९८०चं दशक, लंडन, आणि हे दोघं समलिंगी पुरुष. एड्सने त्यांच्या ओळखीतली माणसं एकामागून एक जात होती. औषध नव्हतं, वर्तमानपत्रांत कुचेष्टा चालू होती.

१९८५मध्ये कॉइलने 'टेंटेड लव्ह' हे गाणं पुन्हा केलं. मूळ ग्लोरिया जोन्सने साठच्या दशकात गायलेलं, मग १९८१ला सॉफ्ट सेल या गटाने नाचायला लावणारं केलेलं. कॉइलने त्याची गती इतकी उतरवली की नाच संपला आणि शब्दच उरले. ज्या गाण्यात 'विटाळलेलं प्रेम' हे रुसव्याचं बोलणं होतं, तिथे ते आता रुग्णाच्या उशाशी उभं राहून म्हटल्यासारखं झालं. एक शब्द न बदलता. त्या रेकॉर्डचं उत्पन्न त्यांनी टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिलं, एड्सग्रस्तांसाठी काम करणारी ती ब्रिटिश संस्था. त्या आजारासाठी निधी देणाऱ्या अगदी पहिल्या रेकॉर्डपैकी ही.

पुढच्याच वर्षीचा 'हॉर्स रोटोव्हेटर' याच सावलीत झाला. तेव्हा मरण ही त्यांच्यासाठी शैली नव्हती, दारातली गोष्ट होती.

---

आजीची_गोधडी

समजलं. धन्यवाद. माझं विचारणं उथळ होतं असं आता वाटतंय. ते संथ केलेलं गाणं ऐकलं. पूर्ण ऐकवलं नाही, उद्या ऐकेन.

---

ब्रिस्टलकर

मी वेस्टनपासून पाऊण-एक तासावर राहतो, म्हणून लिहितो.

त्या गावाचा किनारा आपल्या कोकणातल्यासारखा नाही. ब्रिस्टल चॅनलमध्ये भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की दिसेनासाच होतो. मागे उरतो मैलभर चिखल, ओला, करडा, चमकणारा. त्यात पाय घालू नका असे फलक लावलेले आहेत, माणूस रुततो. वर गाढवांवरून मुलांना फिरवणारे, धक्क्यावर खेळांची दुकानं, आइस्क्रीम. सुट्टीचं गाव. हिवाळ्यात सगळं मिटलेलं.

लंडन सोडून हे दोघं इथे आले आणि शेवटच्या काळातलं पुष्कळसं संगीत याच घरात झालं. एकदा डिसेंबरात ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभं राहून 'अँबर रेन' ऐकलं होतं. गाण्यात फारसं काही घडत नाही, एक आवाज जवळ येऊन बोलतो आणि जातो. समोर समुद्र असायला हवा होता तिथे नव्हता. त्या जागी ते गाणं मला जितकं कळलं तितकं घरी कधीच कळलं नाही.

बॅलन्सला दारूचं व्यसन होतं, हे लपवलेलं नाही. क्रिस्टोफरसनने स्वतःच ते जगाला सांगितलं होतं. याबद्दल कोणी 'कलावंताची नशा' वगैरे लिहू नये अशी विनंती. जवळून पाहिलेलं आहे, त्यात कला नसते.

---

निळाधूर

@ब्रिस्टलकर, मनापासून आभार. तुमची विनंती सगळे पाळतील.

---

सांजपक्षी

+१, ब्रिस्टलकर.

---

रानवाट

थोडं अवांतर. 'अमेथिस्ट डिसीव्हर' ही खरीखुरी अळंबी आहे, जांभळ्या रंगाची, युरोपातल्या जंगलात शरद ऋतूत उगवते. १९९८मध्ये कॉइलने वर्षाच्या चार संधिदिवसांना, म्हणजे दोन विषुवदिन आणि दोन अयनदिन, एकेक छोटी रेकॉर्ड काढली. त्यातल्या शरद-विषुवाच्या रेकॉर्डवर हे गाणं पहिल्यांदा आलं. मग ते सतत बदलत राहिलं, आणि या अल्बमवरचं रूप शेवटचं म्हणून त्याच्या नावात 'लास्ट'.

त्या गाण्यात एक ओळ आहे, गिधाडांना मान द्या, तुमचं भविष्य तेच आहेत, अशा अर्थाची. युरोपातल्या ऐकणाऱ्याला ती कविकल्पना वाटेल. मला नाही वाटली. मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवतो. गुरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे आपल्याकडची गिधाडं दोन दशकांत जवळपास संपली. २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण पक्षी इतक्या लवकर परत येत नाहीत. मुंबईच्या पारशी समाजाला आपल्या दोखम्यातल्या अंत्यविधीचाच प्रश्न पडला, कारण देह घ्यायला गिधाडंच उरली नाहीत. रायगडात म्हसळ्याकडे अजून थोडी आहेत, तिथले लोक जपतात.

त्यामुळे ती ओळ ऐकली की माझ्यासमोर एक रिकामं आभाळ येतं. कवीच्या मनात हे नसणार, पण ओळ इथवर येते.

---

निळाधूर

@रानवाट, अवांतर अजिबात नाही हे.

आता शेवटच्या गाण्याबद्दल लिहितो, ज्यासाठी खरं तर हा धागा काढला.

'गोइंग अप'. ब्रिटनमध्ये १९७२ ते १९८५ 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' नावाची विनोदी मालिका बीबीसीवर चालायची. एका जुन्या धाटणीच्या बहुमजली दुकानातल्या विक्रेत्यांची. तिचं शीर्षकगीत म्हणजे लिफ्टमधल्या बाईची घोषणा: तळमजल्याला अत्तरं, लेखनसाहित्य, चामड्याच्या वस्तू, मग पुढच्या मजल्यावर काय, आणि मध्ये मध्ये 'वर जात आहोत'. मागे गल्ल्याचा खणखणाट. तिथल्या प्रत्येक घरात हे गाणं माहीत, हसण्याशी जोडलेलं.

कॉइलने ते शब्द घेतले. एक उंच पट्टीचा पुरुषी आवाज, फ्राँस्वा टेस्टोरीचा, चर्चमध्ये गावं तशा गांभीर्याने ती दुकानातली यादी गातो. आणि त्यात बॅलन्सचा आवाज येतो. तो आवाज आहे ऑक्टोबर २००४मधल्या डब्लिनच्या कार्यक्रमातला, कॉइलचा शेवटचा कार्यक्रम. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला.

म्हणजे लिफ्ट वर चालली आहे. मजल्यामागून मजला, आणि प्रत्येक मजल्यावर विकायला ठेवलेल्या वस्तू, ज्यांची आता गरज नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मालिका माहीत नव्हती, तरी अंगावर काटा आला. मालिका बघितल्यावर ते जास्त खोल गेलं. कारण गाणं विनोदाची टर उडवत नाही. आपल्याकडे कसं, कोणी गेल्यावर त्याला आवडणारी साधीशीच गोष्ट, एखादं सिनेमातलं गाणं, एखादा खाऊ, पानाशेजारी ठेवतो, आणि त्या दिवसापुरती ती वस्तू निराळी होते, तसं.

आणि अगदी शेवटी बॅलन्स म्हणतो, 'हे असंच आहे'. इंग्रजीत तीनच लहान शब्द. सुरुवातीला प्रश्न, शेवटी हे. मधे अकरा गाण्यांचं अंतर. हे अंतर क्रिस्टोफरसनने आखलेलं आहे, आणि त्यासाठी त्याने आपल्या गेलेल्या सोबत्याचा प्रत्येक तुकडा किती वेळा ऐकला असेल याचा विचार करून बघा. संगणकावर आवाज जोडताना एकच शब्द पन्नास-पन्नास वेळा ऐकावा लागतो. श्वास कुठे घेतला, कुठे कापायचं, कुठे सोडून द्यायचं. बँकॉकच्या त्या घरात महिनोन्‌महिने हे चालू असणार.

---

सांजपक्षी

@निळाधूर, 'गोइंग अप' माझ्याही मनातलं आहे. त्या गाण्यापुरता माझा आक्षेप मागे घेतो. कारण तिथे त्याने कार्यक्रमातला आवाज आहे तसा ठेवला, स्टुडिओत केल्यासारखा घासूनपुसून घेतला नाही. थकलेला आवाज थकलेलाच आहे. बाकीच्या गाण्यांबद्दल माझं मत अजून तिथेच आहे, पण आता ते थोडं कमी ठाम आहे.

---

पेटीवाला

पुढे क्रिस्टोफरसनचं काय झालं? थायलंडलाच राहिला का?

---

अनवट

@पेटीवाला, हो, तिथेच राहिला. थ्रेशोल्ड हाउसबॉइज कॉयर या नावाने एकट्याने काम केलं. थायलंडच्या दक्षिणेला एक शाकाहार-उत्सव असतो, त्यात भक्त अंगात घेऊन गालांतून सळया आरपार काढतात, त्याचं चित्रण आणि त्यावर संगीत. दरम्यान थ्रॉबिंग ग्रिसलही पुन्हा एकत्र आला आणि २००७मध्ये त्यांचा नवा अल्बम निघाला.

२५ नोव्हेंबर २०१०ला बँकॉकच्या घरात झोपेत तो गेला. वय ५५.

आणि इथे या धाग्याचा विषय पुन्हा येतो. त्या वेळी त्याच्या हातात एक काम होतं: निको या गायिकेचा १९७०चा 'डेझर्टशोअर' अल्बम सबंध नव्याने करायचा. पेटीवाले, तुमच्यासाठी खास सांगतो, निकोचं मुख्य वाद्य पेटीच होतं. ते काम अर्धवट राहिलं. मग ख्रिस कार्टर आणि कोझी फॅनी टुटी, त्याचे १९७५पासूनचे सोबती, यांनी ते पूर्ण केलं. २०१२मध्ये एक्स-टीजी या नावाने प्रसिद्ध झालं, त्यांच्याच जुन्या इंडस्ट्रिअल रेकॉर्ड्सवर. वेगवेगळ्या गाण्यांना वेगवेगळे आवाज: मार्क अल्मंड, ब्लिक्सा बार्गेल्ड, आणखी काही.

त्याने बॅलन्सचं काम पुरं केलं, आणि त्याचं या दोघांनी.

---

पेटीवाला

निकोची पेटी आत्ताच ऐकली. भाता ओढल्याचा आवाजसुद्धा येतो मुद्रणात. आज झोप नाही लागायची.

---

माग_आणि_धोटा

मी परत आलो. तुम्ही सगळे लिहीत होता तेवढ्यात अल्बम पूर्ण ऐकला, दोनदा. 'टीनेज लाइटनिंग'मध्ये लाकडी पट्ट्यांचा जो ठेका आहे (त्यालाच मरिंबा म्हणायचं ना?) तिथे मला आमची गल्ली सापडली. तशी खटखट, पण कोणीतरी मऊ कापडात गुंडाळलेली. बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, माग लांबून असाच ऐकू येतो, दुपारी, शेतावरून.

---

टेपवेडा

इतके दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो.

माझे वडील कीर्तनकार होते. गेल्याला नऊ वर्षं झाली. त्यांच्या चौदा कॅसेट आहेत, काही घरी भरलेल्या, काही देवळातल्या. फिती सुटल्या आहेत, दोन-तीनना बुरशी धरली आहे. त्यांचं डिजिटल करायला घेतलं चार वर्षांपूर्वी आणि थांबलो. कारण @निळाधूर यांनी लिहिलंय तेच, तुकडे पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. एका कॅसेटमध्ये ते निरूपणाच्या मधे थांबून म्हणतात, 'पाणी दे रे', आणि ते मला म्हणतायत. मी तेव्हा आठ वर्षांचा. तिथे बंद केलं ते पुन्हा लावलंच नाही.

@सांजपक्षी, तुमचा प्रश्न मलाही पडला होता. खरखर काढू का, खोकला काढू का, चुकलेली ओवी कापू का. ते असते तर काय म्हणाले असते? त्यांना चुका आवडत नसत.

'गोइंग अप' परवा रात्री ऐकलं. काल सकाळी कॅसेट क्रमांक तीन लावली. बुरशी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, फीत दोनदा पुढे-मागे फिरवून सैल केली, आणि मुद्रण चालू केलं. ४५ मिनिटांची एक बाजू पूर्ण झाली. विजेचा गुणगुणाट तेवढा कमी केला. खोकला ठेवला. ओवी ठेवली. 'पाणी दे रे' पण ठेवलं.

---

सांजपक्षी

@टेपवेडा, चौदाही पूर्ण करा. बुरशी लागलेल्या फितींसाठी काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे चालू स्थितीतला जुना डेक आहे. पुण्यात असाल तर घेऊन येतो.

---

टेपवेडा

साताऱ्यात आहे. पण येतो मीच. व्यनि केला आहे.